चुकलेला रविवार

"इथं पेपर वाचायचा, की परीक्षा द्यायची?"

काळेवाडीच्या विहारातल्या वाचनालयात माझ्या लॅपटॉपसमोर उभं राहून त्यानं विचारलं, आणि मी — एम.ए. मानसशास्त्राची गंभीर विद्यार्थिनी — चक्क लाजले.

माझा प्रकल्प सोपा होता. पडद्यावर अक्षरं झळकतात. खरा शब्द असेल तर उजवी कळ, निरर्थक अक्षरं असतील तर डावी. आनंदी माणूस आनंदाचे शब्द चटकन ओळखतो का, आणि दुःखी माणूस दुःखाचे, हे मला मोजायचं होतं. प्रत्येकानं महिन्याच्या अंतरानं दोनदा बसायचं.

प्रितम परभणीचा, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. 'माया', 'लाड', 'सोबत' — शब्द दिसायचा अवकाश, याचं बोट पडलेलंच!

"पास का, मिनल मॅडम?"

"यात पास-नापास नसतं."

"मग पुढच्या रविवारी नुसतं बसायला येऊ?"

आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. येताना शेंगा आणायचा, फोलपटं मात्र माझ्या वहीवर. मला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून. सांगू... पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत मी तीन रविवार घालवले.

चौथ्या रविवारी त्याची दुसरी फेरी. हसत आला, हसतच बसला. 'ओसाड' आणि 'निरोप' त्यानं झटक्यात ओळखले. 'सोबत' आला तेव्हा बोट थांबलं... आणि त्यानं डावी कळ दाबली. असा शब्दच नाही, म्हणे.

"प्रितम, काय झालंय?"

"सात महिने भरले. कंपनीनं ब्रेक दिला." कंत्राटी पोरांना असंच घरी बसवतात. "उद्या गावाकडं जायलो."

"परत कधी?"

"बोलावलं तर."

माझा धीर सुटला. "मला तुम्ही आवडता," मी बोलून गेले. "खरंच... खूप."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "मन मोठंय तुमचं. पण कीव नका करू, मॅडम."

कीव! मला रडूच फुटलं. गेल्या रविवारी, तो आनंदात होता तेव्हा म्हणाले असते, तर त्याला लगेच कळलं असतं; आज त्याला प्रेमाचा शब्दच ओळखू येत नव्हता. वर्षभर हाच विषय शिकणारी मी, आणि नेमकी आज बोलले.

तो पायऱ्या उतरला. मी चपला न घालताच रस्त्यापर्यंत धावले.

"कीव नाही हो ही! प्रेम आहे माझं तुमच्यावर!"

भाजीवाल्या मावशी बघतच राहिल्या.

रिक्षात चढता चढता त्यानं हात हलवला.

"काळजी नका करू," तो म्हणाला, "मी बरा आहे."