चौऱ्याहत्तर मीटरवरची तूट

तुषार मुळगावला निघाला तो काही भुताखेताच्या कामाला नव्हे, सर्व्हर दुरुस्तीला. लाटंबार्श्यातल्या घरून स्कूटर बाहेर काढताना बायकोने बजावलं होतं, येताना डिचोलीच्या बाजारातून सुके बांगडे आण, आणि मागच्यासारखे कुजके आणू नको. त्या दिवशी त्याला धाक होता तो एवढाच.

मुळगावची खाण बंद पडून वर्षं झाली. ट्रकांचं वजन करायचं काट्याचं ऑफिस तेवढं टेकडीवर उरलं. खणलेल्या खड्ड्याचं तळं झालं, आणि तळ्याच्या एका अंगाला मातीचा बांध. बांधाखाली सात घरं. लोकांना घर बांधायला जागा कुठली सुचेल सांगता येत नाही. पुढे कुणाला तरी अक्कल सुचली आणि बांधावर खांब पुरून कॅमेरा बसवला. समोर पाण्यातल्या पट्टीवर तांबडी खूण, चित्राच्या कडेला शिवेच्या राखणदाराची, देवचाराची घुमटीही यायची. नव्वद मीटर तारेतून चित्र ऑफिसातल्या लिनक्सच्या सर्व्हरवर यायचं, पाणी खुणेला टेकलं की सर्व्हर भोंगा वाजवायचा. मग घरं रिकामी करायची, असं ठरलेलं.

आषाढ सरत आला होता. चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. दुपारचे तीन, पण उजेड तिनसांजेचा.

"इलो, डॉक्टर इलो," धाकू म्हणाला. धाकू तिथला राखणा. तोंडात दात तीन, गजाली मात्र बत्तीस दातांच्या. "बघ रे पात्रांव, यंत्राक ताप आसा की नुसती सर्दी?"

"तुमच्या विड्यांच्या धुराने खोकला झाला असेल मामा."

सुविधा हसली नाही. पडद्यावर नजर ठेवायचं काम तिचं. तिने बोट दाखवलं. "चित्रावरचं घड्याळ बघ. दोन सदतीस. आणि भिंतीवर तीनला एक कमी."

"बावीस मिनिटं मागे?"

"बावीस मिनिटं. भोंगाही तेवढाच उशिरा वाजणार. बांधाखालचं पहिलं घर आमचं. आई कंबर मोडून पडली आहे. उचलायला शेजारचे दोघे तयार आहेत, पण ती हटून बसलीय. भोंगा वाजल्याशिवाय घर सोडायची नाही म्हणते."

"मग मामांना बांधावर बसवा की राखणीला."

"बसवला असता. पण तो पाणी बघायचा सोडून देवचाराशी गजाली मारत बसेल."

"मारतंय तर," धाकू म्हणाला. "माझा ऐकणारो तो एकटोच."

तुषार कदेल ओढून बसला. तारेचा वेग दाखवणारं ईथटूल चालवलं. वेग हवा हजार, सर्व्हर दाखवत होता दहा, म्हणून चित्र तुंबत होतं. तारेची दोन टोकं आपसात बोलून वेग ठरवतात, सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे बसतात तशी. एकाला दुसऱ्याचं नीट ऐकू आलं नाही की दोघंही हात आखडतात आणि कमीवर तडजोड करतात. त्याने जवळची जोडतार बदलली. दहा. दुसऱ्या भोकात घातली. दहा. मग तारेची तपासणी लावली. सर्व्हर तारेत एक ठोका सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून तूट कुठे आहे ते मीटरमध्ये सांगतो.

तूट: चौऱ्याहत्तर मीटर.

"चौऱ्याहत्तर म्हणजे घुमटीकडे," धाकू म्हणाला. "थंय देवचाराचो दगड आसा. काम करशीत तर विचारून कर."

तुषार छत्री घेऊन निघाला. काजूंच्या राईतून तार बांधाकडे गेली होती. तांबड्या चिखलात पाय पोटरीपर्यंत जात होते. घुमटीपाशी त्याला तारेचा जोड सापडला, आत पाणी शिरून हिरवा पडलेला. त्याने जोड कापला, नवा घातला, वर डबी आवळली. उठायला गेला आणि चपलेचा पट्टा तुटला. दुसरी चप्पल चिखलाने आधीच गिळायला घेतली होती.

घुमटीत दगडासमोर वहाणांचा जोड होता. कोऱ्या कातडी वहाणा, हातभर लांब. तुषारला त्या कोणाच्या हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्या गावातही असाच राखणदार, त्यालाही दर वर्षी नव्या वहाणा देतात. रात्रभर शीव फिरून त्या झिजतात, वर्षाने टाचा गेलेल्या मिळतात. आजीने सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं. तरी तो दगडाकडे बघून म्हणाला, "एवढ्या पावसात तू काय फिरायचास. अर्ध्या तासासाठी उसन्या दे."

दुसरी चिखलातून उपसून दोन्ही चपला त्याने तिथेच ठेवल्या. उसन्याला तारण. स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला आणि वहाणा फटफटवत परत आला.

"झालं," म्हणत त्याने तपासणी लावली. चौऱ्याहत्तरची तूट गेली होती.

नवी तूट: एकसष्ट मीटर.

"येताना तार ठीक होती," तो पुटपुटला. पुन्हा लावली. अठ्ठेचाळीस. पुन्हा. तेहतीस. तुटलेली तार एका जागी तुटते. तूट चालते असं त्याला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.

"काय रे, सर्दी उतरता की..." म्हणत धाकू जवळ आला आणि थांबला. तुषारच्या पायांकडे बघत राहिला. तोंडातली विडी विझली तरी त्याला कळलं नाही.

"ह्यो वहाणा... खंयच्यो?"

तुषारने पाय कदेलाखाली ओढले.

"तुषार," सुविधाचा आवाज अगदी खाली गेला होता. "हे बघ..."

पडद्यावरचं चित्र अजून मागेच होतं. पावसात घुमटी, घुमटीपुढे वाकलेला तुषार. तो वहाणा पायात घालत होता. त्याच्या मागे कोणीतरी उभं होतं. खांबाएवढं उंच. खांद्यावर काळं कांबळं, हातात दांडा, पाय उघडे. तुषारचं आवरेपर्यंत ते ताटकळत थांबलं, दुकानात गिऱ्हाईक थांबतं तसं. तुषार चित्रातून बाहेर गेला. मग ते सावकाश वाकलं, तुटक्या चपला उचलल्या, उलट्यासुलट्या करून बघितल्या, कांबळ्यात ठेवल्या. आणि तारेच्या कडेकडेने, तुषारच्या पावलांत पावलं टाकत, ऑफिसच्या दिशेने चालू लागलं.

"तुझ्या मागून कोण आला?" सुविधाने विचारलं.

"कोण... कोणच नव्हतं."

तपासणी. नऊ मीटर.

ओल्या कांबळ्याचा वास आला. घोंगडी पावसात भिजून कोपऱ्यात पडते तसा, आणि त्यात विडीचा. बाहेर कठड्याच्या दगडावर काहीतरी आपटलं. ठक... थोडा वेळ नुसता पाऊस. मग पुन्हा, जवळून. ठक...

"काड," धाकू म्हणाला. "पायातल्यो काड. उंबऱ्याभायर ठेव. तोंडां भायर करून. ज्याका जावचा आसा, तेका तशीच ठेवतत. तोंडां भितर केली तर तो भितर येता."

तुषारने वहाणा काढल्या. त्याने दाराची फळी वीतभर उघडली, वहाणा पायरीवर बाहेर तोंड करून ठेवल्या. बाहेर बघितलं नाही. धाकूने डोक्यावरची टोपी काढली, नारळ नव्हता म्हणून कोपऱ्यातला पाव हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. एरवी धाकूचं गाऱ्हाणं ऐकून माणसं हसायची. तो मध्येच सरपंचालाही चिमटे काढायचा.

"बा देवा म्हाराजा... ह्या लेकरान तुझी वस्त पायात घातली. चूक झाली ती पदरात घे. खाली सात घरां आसत, त्यांची राखण कर..."

"व्हय म्हाराजा," दोघं म्हणाली. सुविधाने हात जोडले.

तपासणी. शून्य मीटर.

दांड्याचा ठोका थांबला. दारापलीकडे कोणीतरी सावकाश श्वास सोडला. नव्या कातड्याचा करकर आवाज झाला, एकदा उजवा, एकदा डावा.

आणि सर्व्हरच्या मागचा दिवा हिरवा झाला. वेग: हजार. पडद्यावरचं चित्र उडी मारून आत्ताचं झालं. पाणी तांबड्या खुणेला टेकलं होतं.

भोंगा वाजला.

सुविधा अनवाणी धावत गेली. शेजाऱ्यांनी आईला खाटेसकट उचललं. पाव तास झाला असेल, बांध बसला. पहिल्या घराचं स्वयंपाकघर गेलं, आईची लोणच्याची बरणी गेली, त्यावरून ती वर्षभर बोलणार होती. माणूस एकही गेला नाही.

खांब, कॅमेरा, घुमटी, सगळं वाहून गेलं. पायरीवर वहाणा नव्हत्या. तारेचं पलीकडचं टोक राईत एका काजूवर लोंबत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तुषार सामान काढायला गेला तर दिवा हिरवाच. वेग हजार. पलीकडे काही नाही, तरी. त्याने तपासणी लावली. तूट: चारशे बारा मीटर. तार नव्वदची.

"फिरता तो," धाकू म्हणाला. त्याला आता पुन्हा गजाली सुचत होत्या. "तिनसांजेक आकडो वाढतलो, सकाळी उतरतलो. शिवेभायर जायचो नाय. तितको तो कायद्याचो."

सामान जागेवरच राहू दिलं, आणि खरोखर तसंच व्हायचं. गावची शीव अठराशे मीटरवर संपते. आकडा कधी त्यापुढे गेला नाही. सुविधाला त्याची सवय झाली. आई विचारायची, आज कितीवर आहे गे तो, आणि ती सांगायची, पावसाच्या बातम्या सांगाव्यात तशी.

गणपतीची चवथ होऊन गेली. एका भर दुपारी तुषार लाटंबार्श्याला घरी जेवून आडवा झाला होता. फोन वाजला.

"घरी आहेस?" सुविधा.

"घरी. का?"

"आकडा आज सकाळी उतरलाच नाही. वाढतोय. शीव... शीव कधीच ओलांडली."

"कितीवर आहे?"

"सात हजार सातशे. तुझं घर इथून किती लांब?"

तुषार उठून बसला. ती वाचत राहिली, हळू. "सात हजार नऊशे... नऊशे तीस... नऊशे चाळीस..."

मग ती थांबली.

"तुषार, आता हलत नाही तो."

घरात बायकोची भांडी वाजत होती. ओल्या कांबळ्याचा वास आला. तुषारने उठून दार उघडलं. अंगणात ऊन होतं, माणूस नव्हता.

पायरीवर त्याच्या चपला होत्या. धुतलेल्या. तुटलेला पट्टा नव्या दोऱ्याने शिवलेला, टाके एकसारखे.

तोंडं घराच्या आत केलेली.