बारानंतर

दिवा राहू दे तसाच, मंद. पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या. मधे कुणी उठायचं नाही.

ही माझ्या साडूची गोष्ट. तुमच्या धाकट्या मावशीचा नवरा. तो स्वतः कधी सांगत नाही, विषय निघाला की पान खायला उठतो. मला एकदाच सांगितली, तीही निम्मी तोंडातल्या तोंडात.

तो विम्याच्या एका भल्यामोठ्या दलाली कंपनीत होता. नऊ मजले, काचेची इमारत. विमा कंपनी वेगळी बरं का, हे मधले. गिऱ्हाइकाला विमा मिळवून द्यायचा आणि नुकसान झालं की त्याच्या बाजूनं विमा कंपनीशी भांडायचं. साडू म्हणायचा, ‘‘आम्ही म्हणजे मृदंग. दोन्हीकडून थापा.’’ दिवसभर शेकडो माणसं कानाला फोन लावून बोलत असायची. कुणाचं जहाज बुडालेलं, कुणाचं छप्पर उडालेलं. आपण मात्र थंडगार हवेत बसून विचारायचं, ‘‘कधी झालं? कुठं झालं?’’ सवयीनं माणूस निबर होतो.

जूनची तीस तारीख, गुरुवार. बऱ्याच पॉलिशा त्या रात्री संपायच्या, म्हणून सगळा मजला दिवसभर गजबजलेला. रात्री सामसूम. नुकसानीच्या फोनवर बसायची पाळी दुसऱ्याचीच होती, पण त्याची पोरगी तापानं फणफणलेली. साडू म्हणाला, ‘‘जा बाबा तू, मी बसतो.’’ डबा खाल्ला, बूट काढले, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकले.

साडेअकराला फोन वाजला.

आधी नुसता खोकला. मग एक घोगरा आवाज... ‘‘साहेब, दार उघडा.’’

साडूनं नेहमीचं विचारलं. कोण बोलतंय? कुठून?

त्या माणसानं गोदामाचं नाव सांगितलं. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ‘‘आम्ही वरच्या मजल्यावर आहोत. दार बाहेरून बंद आहे... धूर...’’

‘‘आग कधी लागली?’’

मागे बरीच माणसं खोकत होती.

‘‘...बारानंतर.’’

साडूनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

फोन बंद.

त्यानं लगेच गोदामाच्या मॅनेजरला फोन करून उठवलं. तो आवारातच राहायचा. म्हणाला, ‘‘इथं सगळं शांत आहे. प्यायलात की काय?’’ दुसरा असता तर झोपला असता. साडूनंही पाय परत खुर्चीवर टाकले. पण तो खोकला काही कानातून जाईना. शेवटी बूट घातले, गाडी काढली.

गोदाम खरोखरच शांत होतं. धूर नाही, वास नाही. फाटकात मॅनेजर, बनियनवर, संतापलेला. साडूनं विचारलं, ‘‘वर माणसं आहेत?’’

‘‘हमाल झोपलेत. पहाटे माल भरायचाय.’’

‘‘दाराला बाहेरून कुलूप आहे?’’

मॅनेजरनं किल्ल्या मुठीत दाबल्या. मग म्हणाला, ‘‘आहे. चोरी झाली तर तुमचा विमा पैसे देईल का?’’

‘‘नाही देणार. आणि कोंडलेली माणसं मेली तर तुमच्या बाजूनं भांडायला मीही येणार नाही. उघडा.’’

‘‘सकाळी तुमच्या मोठ्या साहेबांना फोन करतो. नोकरीला मुकाल.’’

‘‘करा. आधी उघडा.’’

कुलूप निघालं. माणसं डोळे चोळत, शिव्या घालत खाली उतरली. साडूनं त्यांना थेट रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. त्याला हसत होती ती. त्याला स्वतःलाच लाज वाटायला लागली. आता घरी काय सांगायचं?

मग आत काहीतरी फटकन वाजलं.

विजेच्या पेटीत असावं. एक निळी ठिणगी. मग खिडकी लाल झाली. मग सगळ्याच खिडक्या.

कुणी हसेना.

घड्याळ बघायची साडूची हिंमत झाली नाही. शेजारी एक म्हातारा हमाल उभा होता. जिना जळून खाली कोसळला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब... आम्ही वरच होतो की.’’

घोगरा आवाज.

तोच.

‘‘बाबा... मघाशी फोन तुम्ही केलात?’’

‘‘कसला फोन? आमचे फोन संध्याकाळीच काढून घेतात, साहेब. खाली ऑफिसात कपाटात असतात.’’ म्हाताऱ्यानं आगीकडे बोट दाखवलं. ‘‘मी झोपलो होतो. तुम्हीच उठवलंत.’’

 

माणसं सगळी वाचली. एकाचंही नखसुद्धा भाजलं नाही.

उजाडता उजाडता तो घरी आला. आगीच्या वेळी रस्त्यापलीकडेच उभा होता तो, आणि वाराही उलटा. सदरा पांढरा स्वच्छ. तुमच्या मावशीनं दार उघडलं आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

‘‘अहो, कानाला काय लागलंय?’’

उजवा कान. त्याच कानाला फोन लावला होता. काळाकुट्ट. काजळी... गोल, फोनच्या तोंडाएवढी.

तिनं पदर ओला केला. पुसायला हात लावला.

आणि झटकन मागे घेतला.

काजळी अजून गरम होती.