यादीतली तिसरी

प्रतीक्षा यादी कॉलेजच्या कार्यालयाच्या काचेला आतून चिकटवली होती. तिनं बोटानं ओळी मोजल्या. पहिली, दुसरी... तिसरं नाव तिचं.

"आणि चौथा मी," मागून आवाज आला. "म्हणजे आजपासून मी तुमच्या मागे."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, बाहीवर रंगाचे डाग. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो.

"मागे लागलात म्हणा की!"

"मी कुठं? यादीनंच लावलंय."

अशा बातमीवर हसू येईल, असं तिला वाटलं नव्हतं.

ती सुताराची लेक, भुशात खेळत वाढलेली. लाकडी सामान घडवायला शिकवणारं हे कॉलेज तिनं लहानपणापासून मनात धरलं होतं. जागा मात्र तीसच. घरी येऊन ती पोटभर रडली. बाबा शेजारी टेकले.

"नऊशे जणांत तेहेतिसावी आलीस. मी तर अख्ख्या आळीत सांगून आलो."

"बाबा! अजून नंबर कुठं लागलाय?"

"म्हणून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तिनं बाह्या सरसावल्या. उकिडवं बसून काम करता करता बाबांचे गुडघे गेले होते. उठताना भिंत धरावी लागायची. त्यांच्यासाठी उंच बैठकीची, भक्कम हातांची खुर्ची करायचं तिनं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी तो पत्ता शोधत बाबांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात हजर.

"यादी हलली का, विचारायला आलो."

"ते कॉलेजात विचारायचं."

"तिथं रंधा मारायला कोण शिकवणार? चित्रं जमतात हो मला... हत्यार कधी धरलं नाही."

मग पाट्यांचं काम उरकून तो रोज येऊ लागला. रंधा दाखवताना तिचा हात त्याच्या हातावर टेकला – आणि जरासा जास्तच टेकून राहिला.

"जोर नको... लाकडाच्या कलानं घ्या."

"आणि तुमच्या?"

"ते नंतर बघू," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले.

खुर्चीला पॉलिश चढलं त्या दुपारी तो आला, तो चेहरा पाडूनच.

"यादी दुसऱ्या नावावर थांबली. बंद केली त्यांनी."

तिचा हात थबकला. डोळे भरून आले. एका नावानं हुकलं होतं! तिनं खुर्ची पुसली आणि बाबांना हाक मारली. बाबा बसले. मग खुर्चीच्या हातांवर तळवे रेटून, भिंतीकडे न बघता, सरळ उभे राहिले.

दारात आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कुठून आणलीत?"

"आणली? माझ्या लेकीनं केलीय!" बाबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"अशीच एक माझ्या आईला हवी," गिऱ्हाईक म्हणालं.

तिनं डोळे पुसले. मान आपोआप ताठ झाली. "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरणार," ती त्याला म्हणाली. "आणि तेव्हा दाखवायला हातानं केलेलं काम असेल."

"भराच. पण... यादी तर संपली. आता मी कोणत्या निमित्तानं येऊ?" तो खाली बघत म्हणाला. "खरं सांगू? रंध्यासाठी मी पहिल्या दिवशीसुद्धा आलो नव्हतो."

"माहीत होतं मला."

"मग?"

तिनं गिऱ्हाइकाच्या खुर्चीसाठी फळी उचलली, तिचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच 'अहो-जाहो' सोडून म्हणाली, "धर नीट. आणि उद्या लवकर ये... तू."