तीन भोकांचं ऑपरेशन

बसा. चहा घ्या, मग सांगते. घाईत सांगायची गोष्ट नाही ही.

पिरंगुटच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे, अठरा वर्षं झाली. माझं काम मोजायचं. पोटात जेवढं गेलं तेवढं बाहेर आलं, असं मी म्हटल्याशिवाय टाका पडत नाही. त्या बाबतीत मी डॉक्टरांचंही ऐकत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी तुकाबाई आली. मेंढरं राखणारी, साठीची. तिच्या आतड्याचं वेटोळं पोटातल्याच एका फटीत शिरून अडकलं होतं. बाहेरून काही दिसत नाही, पण आत आतडं काळं पडत जातं. उशीर झाला की पेशंट हातचा जातो.

"पोट फाडू नगा," ती कण्हत म्हणाली. "मेंढरं घिऊन कोकणात उतरायचंय."

"फाडत नाही, आजी. तीन बारीक भोकं पाडतो, दुर्बिणीनं करतो," आमचे सर्जन शैलेश सर म्हणाले.

पडद्यावर वेटोळं दिसलं, जांभळं झालेलं. सरांनी चिमट्यांनी अर्धा तास खटपट केली. सुटेना. जोर लावला तर फाटणार. "उघडावंच लागणार," ते पुटपुटले आणि दोन्ही हात थांबवले.

तेव्हा पडद्याच्या कडेनं दोन बोटं आली... आणि अंगठा. सुरकुतलेला, त्यावर हिरवं गोंदण. भोकं एवढीशी, माझी करंगळीही जेमतेम जाईल! बोटांनी वेटोळं हळूच फिरवलं, सोडवलं, वर दोनदा थोपटलं. आतडं बघता बघता गुलाबी झालं.

"सिस्टर... तुम्हालाही दिसलं?" सरांनी विचारलं.

"मोजते, सर," मी म्हटलं. गॉज, चिमटे, सगळं जुळलं. टाके पडले.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी तुकाबाईला त्या बोटांचं, गोंदणाचं सांगितलं. ती हसली.

"सासू माजी. अडलेली मेंढी तीच सोडवायची. आत हात घालून कोकरू फिरवायची, मग मेंढीला थोपटायची. मरून लई वर्सं झाली तिला." मग तिचं हसू विरलं. "पर बाई... हात आत दिसला म्हंता. भायेर येताना दिसला का?"

मी तिच्या पोटावर हात ठेवला. आतून माझ्या तळव्याला कुणीतरी दोनदा थोपटलं.

मी हात काढून घेतला. डिस्चार्जच्या कागदावर 'पोट मऊ', म्हणजे आत सगळं ठीक, असं लिहिलं आणि सही केली.