‘येतो’चं जर्मन

भाड्याच्या दोन सायकली संध्याकाळी सहाच्या आत दुकानात परत करायच्या. काम एवढंच होतं.

राजाभाऊंनी गोष्टीची सुरुवात इथूनच केली. जर्मनीतल्या येनामध्ये समर्थच्या बाल्कनीत पोरं दुसऱ्या दिवशीच्या सायकल-सहलीचं सामान बांधत होती. अंधार पडून तास झाला होता. सगळ्यांच्या चाकांत हवा भरून झाली तरी राजाभाऊ उठायचं नाव घेत नव्हते.

"काका, भुताची असेल तर नको," वल्लरी म्हणाली. "उद्या सत्तर किलोमीटर मारायचेत. आणि तुमची भुतं नेहमी मित्राच्या मेहुण्यालाच भेटतात."

"मेहुण्याला नाही. नंदिनीला. ऑफिसात माझ्यासमोरच्या टेबलाला बसायची. बोलू का?"

वल्लरीने पंपाची नळी गुंडाळली. म्हणजे बोला. राजाभाऊ सांगू लागले.

तारीख होती शनिवार, चौदा ऑक्टोबर दोन हजार तेवीस. सर्वपित्री अमावास्या. नंदिनी तेव्हा एकोणतीस वर्षांची. आई आदल्या वर्षी गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. वडील दीनानाथ, वय सदुसष्ट, हृदयात दोन स्टेंट, तीन महिन्यांसाठी पुण्याहून तिच्याकडे आलेले. वीस तारखेचं परतीचं विमान होतं. त्या विमानात बाबांना धडधाकट बसवायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. सायकलचा हट्ट बाबांचाच. डॉक्टरांनी बॅटरीच्या सायकलला परवानगी दिली, म्हणून तीन दिवसांची सहल ठरली.

झाले नदीच्या काठाने सायकलींचा पक्का रस्ता जातो. मधेच तो नदी सोडून टेकड्यांत शिरतो, हळूच चढतो, हळूच उतरतो, आणि प्रत्येक उताराच्या पायथ्याशी एक गाव. आडव्या-तिरप्या लाकडी पट्ट्यांची घरं, दारावर कोरलेलं साल, मधोमध चर्च. दीनानाथांना प्रत्येक साल वाचायचं असायचं.

"सोळाशे अठ्ठावन्न! नंदू, थांब, हे बघ. महाराज अठ्ठावीस वर्षांचे होते तेव्हा."

"बाबा, चला. इथे दुकान सहाला बंद म्हणजे सहाला बंद."

"आणि नदीचं नाव झाले. काय झाले? कधी झाले?"

हा विनोद तिसऱ्या दिवशी अकराव्यांदा झाला होता. नंदिनीने नुसते ब्रेक आवळले.

दीनानाथ मोबाइलवरून जर्मन शिकत होते. दोन शब्द पक्के झाले होते: जा आणि गेनाऊ. हो म्हणायला जा, अगदी बरोबर म्हणायला गेनाऊ. समोरचा काहीही बोलला की यांचं ठरलेलं, "जा, जा, गेनाऊ." घोळ व्हायचा तो निघताना. दीनानाथांनी जन्मात कधी ‘जातो’ म्हटलं नव्हतं. बँकेतून निघताना ‘येतो’, हॉस्पिटलमधून निघताना सुद्धा ‘येतो’. जर्मनमध्ये काय म्हणायचं? मोबाइलला विचारलं, मोबाइलने सांगितलं: इश कोमं. झालं. बेकरी असो, गेस्टहाउस असो, निघताना हात जोडून "इश कोमं".

"बाबा, त्याचा अर्थ ‘मी येतोय’ असा होतो. खरोखर येतोय. बाय म्हणतात तसं सरळ च्यूस म्हणा ना."

"च्यूस हा काय शब्द झाला? शिंक आल्यासारखा."

"मग जातो म्हणा. काय आभाळ कोसळतं का?"

"तू म्हण. मी नाही म्हणणार."

चार पन्नासला ते एका गावात थांबले.

"कुठलं गाव?" समर्थने विचारलं.

"नाव नाही सांगणार."

"उद्या वाटेत आहे का?"

राजाभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते पुढे बोलू लागले.

दीनानाथांची पाण्याची बाटली संपली होती. रस्ता रिकामा. एका घराच्या फाटकाशी एक म्हातारी बाई उभी होती. निळा एप्रन, हातात पाण्याचा जग. जणू हिला कोणी पाणी मागणारच होतं. तिने बाटली भरून दिली. नंदिनी मागच्या सायकलपाशी वाकून पिशवीचा पट्टा घट्ट करत होती. कान मात्र तिकडेच होते.

"थांबणार नाही का?" बाईने जर्मनमध्ये विचारलं.

दीनानाथांनी हात जोडले. "इश कोमं."

बाईचा चेहरा बदलला. "आजच?"

"जा, जा."

"राहायला?"

"गेनाऊ!"

नंदिनीने पट्टा ओढला. वळून एक वाक्य बोलायला दहा सेकंद लागली असती. पण तीन दिवस दुरुस्त करून करून ती कंटाळली होती. बोलू देत, म्हणाली मनात. कोणाचं काय बिघडतंय?

दुकान होतं ते पुढचं शहर नऊ किलोमीटर. एक टेकडी, दोन शेतं, एक पूल. टेकडी चढली, उतरली. शेतं गेली. पूल मात्र आला नाही. चर्चचा मनोरा आला. त्याखाली तेच गाव, यावेळी पलीकडच्या बाजूने. आणि फाटकाशी तीच बाई.

"नंदू, आपण गोल आलो की काय?"

"वळण चुकलं असेल. चला."

यावेळी तिने मोबाइल हॅण्डलवर लावला. निळा ठिपका शेतांमधून बरोबर सरकत होता. शहर चार किलोमीटर. तीन. दोन. मग रस्ता किंचित उतरला आणि समोर तो मनोरा. नकाशावर मात्र ठिपका शहराच्या वेशीवर.

फाटकात आता बाई नव्हती. फाटक उघडं होतं. आत दिवा लागला होता.

सहा वीसला सूर्य गेला. नंदिनीने मला फोन केला. मी म्हटलं, नदी डाव्या हाताला ठेव आणि सरळ ये.

"म्हणजे नेहमीसारखा काहीच उपयोग नसलेला सल्ला," वल्लरी म्हणाली.

"हो," राजाभाऊ म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, तेव्हा वल्लरी जरा पुढे सरकून बसली.

नंदिनी म्हणाली, "राजाकाका, नदी ऐकू येतेय. दिसत नाहीये." आणि फोन बंद पडला.

अमावास्येचा अंधार. तिसऱ्यांदा ती टेकडी. दीनानाथांच्या सायकलची बॅटरी संपली होती, पडद्यावर शून्य. तरी ते पुढे होते. चढावर. स्टेंट घातलेला माणूस, मेलेल्या बॅटरीची वीस-पंचवीस किलोची सायकल, आणि धाप नाही.

"बाबा, हळू!"

ते वळले नाहीत.

"बाबा!"

"अगं, सांगितलंय ना तिला."

"काय सांगितलंय?"

"येतो म्हणून."

नंदिनी उभी राहून पेडल मारत होती. छाती फुटायची वेळ आली. अंतर कमी होईना. पुढचा लाल दिवा लहान होत गेला. मग विझला.

ती पोचली तेव्हा सायकल कुंपणाला टेकवलेली होती. नीट, कुलूप लावून. फाटकाच्या आत दोन पावलांवर दीनानाथ उभे होते. दारात ती बाई. तिच्या मागे टेबल मांडलेलं. पावाचा वास येत होता.

नंदिनीचं जर्मन चांगलं. परीक्षा पास झालेली, ऑफिसात भांडणारी. ती म्हणाली, "माफ करा. माझ्या वडिलांना जर्मन येत नाही. आमच्यात निरोप घेताना असं म्हणतात. त्याचा अर्थ नुसता च्यूस असा होतो. ही भाषेची चूक आहे."

बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तीनदा विचारलं," ती म्हणाली.

"त्यांना कळलं नाही!"

"तुम्हाला कळत होतं."

नंदिनी पुढे सरकली. फाटकाच्या आत पाय टाकायला गेली, तर पाय उचलेना. हात पुढे केला. बाबांच्या बाहीपर्यंत चार बोटं कमी पडली. चारच बोटं. पुन्हा वाकली. पुन्हा चार बोटं.

"बाबा, परत या."

दीनानाथांचे ओठ हलले. आवाज आला नाही. डोळे मात्र त्यांचेच होते. घाबरलेले. शाळेतून कोणी न्यायला आलं नाही की लहान मूल बघतं, तसे.

येतो म्हणून सापडले. मग सुटायला...

"बाबा, तिला जातो म्हणा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"एकदाच म्हणा. माझ्यासाठी. जातो म्हणा आणि बाहेर या. बाबा, हात जोडते."

घरातलं घड्याळ वाजत होतं. मग सदुसष्ट वर्षांत न बोललेला तो शब्द दीनानाथ बोलले. बाईकडे बघून नाही. नंदिनीकडे बघून.

"जातो."

दिवा गेला.

बाई नाही, टेबल नाही. खिडक्यांना आडव्या फळ्या ठोकलेल्या. गुडघाभर गवत. आणि दीनानाथ फाटकाच्या बाहेर, नंदिनीचा दंड धरून.

टेकडी, शेतं, पूल. सगळं जागच्या जागी. पाऊण तासात शहर. दुकान बंद. सायकली दुकानाच्या दारात लावून ती दोघं स्टेशनवर आली. आठ बाराची गाडी होती. दीनानाथ बाकावर बसले. हात थंड होते.

"कॉफी आणते बाबा."

मशीन पंधरा पावलांवर. तिने तिथूनही दोनदा मागे वळून पाहिलं. कप भरला. तिसऱ्यांदा पाहिलं तर बाबांची मान छातीवर होती...

ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर तरुण होता. हृदय, म्हणाला. वेदना झाल्या नसतील, म्हणाला. नंदिनी त्याला विचारत राहिली, एखाद्या शब्दाने असं होतं का? त्याला वाटलं, धक्क्याने बोलतेय.

राजाभाऊ थांबले.

"काका..." वल्लरी म्हणाली. "तिची चूक नाही त्यात."

"मीही तेच सांगितलं तिला. महिनाभर रोज."

अंत्यविधी इथेच झाले. सात आठवड्यांनी नंदिनीच्या पत्रपेटीत एक पाकीट आलं. त्या गावच्या कचेरीचं. रहिवास-नोंदणीचा दाखला. घरमालकाची सही घेऊन, पासपोर्ट दाखवून, स्वतः हजर राहिल्याशिवाय इथे तो कोणाला मिळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर नाव दीनानाथांचं. पत्ता त्या घराचा. राहायला आल्याची तारीख, चौदा ऑक्टोबर.

मी तिच्याबरोबर त्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या बाईने फाइल उघडली, पानं तपासली, बंद केली. म्हणाली, घर कित्येक वर्षं रिकामं आहे हे खरं. पण कागद बरोबर आहेत.

"माझे वडील वारलेत," नंदिनी म्हणाली.

"कागद बरोबर आहेत," बाई पुन्हा म्हणाली.

परतताना गाडीत नंदिनीने तो दाखला माझ्या हातात दिला. म्हणाली, राजाकाका, मागची बाजू वाचा. मला नीट कळलंय का, तेवढं सांगा.

मी वाचली. तिला नीट कळलं होतं.

तिथे कुटुंबातल्या इतर व्यक्तींसाठी एक ओळ असते. त्या ओळीत नंदिनीचं नाव टाइप केलेलं होतं. जन्मतारीख बरोबर. पासपोर्टचा नंबर बरोबर. राहायला आल्याच्या तारखेची चौकट तेवढी कोरी होती.