दादारावला हाक मारायची नाही

दादारावचा गुडघा इतक्या लवकर का गेला, हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं.

दादाराव म्हणजे अमरावतीच्या भरारी क्लबचा रोबो. त्या काळी मुलांच्या बास्केटबॉल संघात चार मुलं आणि एक रोबो असे. रोबोने गुण करायचे नाहीत, रिंगखाली उभं राहून बचाव तेवढा करायचा, असा नियम होता. दादाराव दाराच्या चौकटीत न मावणारा, घोगऱ्या आवाजाचा, खांद्यांवरचा पिवळा रंग पार उडालेला. रंग उडायला कारणही होतं. क्लबमधलं प्रत्येक पोर लहानपणी त्या खांद्यांवर बसून रिंगमध्ये चेंडू टाकायला शिकलं होतं. संघाची कप्तान निहारिका गावंडे त्यांतलीच एक. आता ती तेरा वर्षांची होती आणि दादारावला कुणी जुना म्हटलं की तिचं डोकं फिरत असे.

क्लबचे रोबो दुरुस्त करायचं काम तिच्या कुंदाआत्याकडे होतं. आत्या इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायची. तिने गुडघ्याचा क्ष-किरण फोटो उजेडात धरला. चकचकीत धातूत केसासारख्या चिरा दिसत होत्या.

“हा धातूचा थकवा,” आत्या म्हणाली. (धातूवर तोच ताण पुन्हा पुन्हा पडला की त्यात बारीक चिरा जातात आणि वाढत राहतात. तार सारखी वाकवली की तुटते ना, तसंच.) “आता त्याने उडी मारली आणि पाय मोडला, तर तो आडवा होईल. त्याची आठवणींची पेटी छातीत आहे. ती जुन्या बनावटीची, तिची नक्कल निघत नाही. आपटली की गेली.”

“म्हणजे आम्हाला विसरेल तो?”

“सगळ्यांना.”

नवा गुडघा घडवायला दिला होता, पण तो अंतिम सामन्यानंतरच येणार होता. आणि रोबोशिवाय उतरलं तर संघ बाद.

“आता मला सांग,” आत्या म्हणाली, “अकोल्याचा रोबो याच्याच कारखान्यातला, याच्याच वयाचा. त्याचे गुडघे ठणठणीत. मग याचेच का गेले? घाई नको करू. काल सरावाचं चित्रण केलंय, ते पाहत बैस.”

निहारिका पाहत बसली. पडद्यावर समोरचा खेळाडू सुजयला चकवून निघाला. सुजयने दोन पावलंही टाकली नाहीत. कमरेवर हात ठेवून त्याने आरोळी दिली, “दादाराव!” दादाराव उडाला, चेंडू अडला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग तन्वी चुकली. “दादाराव!” मग यश. मग स्वतः निहारिका, आणि तिची आरोळी तर सगळ्यांत मोठी. प्रत्येक आरोळीला एक उडी. निहारिकाने पडदा बंद केला आणि बराच वेळ नखं खात राहिली.

“आत्या, आम्ही बचाव करतच नाही,” ती शेवटी म्हणाली. “आम्ही नुसती हाक मारतो.”

आत्या हसली नाही. तिने निहारिकाला ओसरीवर नेलं. तिथे सुंभाने विणलेली जुनी बाज होती.

“समज, एका हुकाला झोळी टांगली. हुक निघाला तर?”

“सगळं खाली.”

“त्याला म्हणतात एकवटलेला भार. (सगळं ओझं एकाच जागी येणं.) आता ही बाज पाहा. इथला सुंभ केव्हाचा तुटलाय, तरी मी रोज दुपारी हिच्यावर झोपते. कशी?”

निहारिकाने बाजेवर हात दाबला. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पीळ ताणले गेले, त्यांच्या बाजूचे थोडे कमी ताणले गेले. ओझं सगळीकडे वाटलं जात होतं.

“विभागलेला भार,” आत्या म्हणाली. “एक सुटला की शेजारचे धरतात.”

निहारिकाचे डोळे चमकले. “म्हणजे माझ्या हातून कुणी सुटलं, तर सुजयने मागे सरकायचं. सुजयची जागा तन्वीने घ्यायची. आणि मी रुसून उभी न राहता तन्वीची जागा भरायला पळायचं.”

कोपऱ्यात बसलेल्या दादारावने मान वळवली. “मी उभा राहीन, बेटा. कोण कुठून येतंय तेही सांगेन.”

“पण उडी नाही मारायची.”

“ते माझ्या हातात नाही. खेळ चालू असताना तुम्हा चौघांपैकी कुणी नाव घेऊन हाक मारली, की उडी मारायची. हे माझ्यात सगळ्यांत आधी बसवलंय. ते काढलं तर वरचं सगळं ढासळेल.”

म्हणजे आता सगळं चौघांच्या जिभेवर होतं. सरावापुरतं आत्याने दादारावच्या गुडघ्याची वीज काढून त्याला बाकावर बसवलं; सामन्यात तसं चालणार नव्हतं, विजेशिवाय तो उभाच राहत नसे. सुरुवातीला फजितीच झाली. सुजय तर तोंडात रुमाल कोंबून खेळला. पण हळूहळू ते सरकायला शिकले, एकमेकांकडे पाहायला शिकले.

अंतिम सामन्यात अकोल्याच्या पोरांना वाटच सापडेना. “डावीकडून,” दादाराव घोगऱ्या आवाजात सांगे, आणि सुजय तिथे आधीच पोचलेला असे. एक सुटला की दुसरा धरी. अकोल्याला इतके कमी गुण त्या वर्षी कुणीच करू दिले नव्हते. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा भरारी एका गुणाने पुढे होता.

तेवढ्यात अकोल्याची उंच पोरगी निहारिकाला हूल देऊन निघाली. सुजय सरकला, पण पाय घसरून पडला. तन्वी लांब होती, यश दुसऱ्या बाजूला. रिंगखाली फक्त दादाराव. पोरीने चेंडू उचलला. दादारावने मान वळवून निहारिकाकडे पाहिलं. एक हाक, आणि चषक भरारीचा होता. नाव अगदी ओठांवर आलं. निहारिकाने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

चेंडू रिंगमध्ये पडला. शिट्टी वाजली. भरारी एका गुणाने हरला.

आत्याने दादारावला बाकावर बसवून आधी गुडघ्याची वीज काढून टाकली. निहारिका त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिला रडू आवरत नव्हतं.

“हाक मारली असतीस तर मी पोचलो असतो,” दादाराव म्हणाला.

“माहीत होतं मला. म्हणूनच नाही मारली.”

पलीकडे सुजय आणि तन्वी आतापासूनच भांडत होते, की अशा वेळी यशने सरकायला हवं होतं की नको. पुढच्या वर्षीचा बचाव तिथल्या तिथे आकार घेत होता. नवा गुडघाही आठवड्याभरात येणार होता.

“दादाराव,” निहारिकाने हळूच हाक मारली.

त्याचे हात सवयीने वर गेले. “कुठून येतंय, बेटा?”

“कुणी नाही येत. मी नुसतीच हाक मारली.”

“नुसतीच हाक,” तो स्वतःशी म्हणाला. “अशी हाक मला कुणी शिकवली नव्हती. हिला काय करायचं असतं?”

“ओ द्यायची फक्त.”

“ओ,” दादाराव म्हणाला, आणि वर गेलेला एक हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला.