विमानातून आलेला हात

ही घटना खरी आहे. खोटी रचायची असती तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

या पेजवर सगळ्यांना भुतं अमावस्येला भेटतात. रात्री बाराला, पिंपळाखाली. मला भेटलं ते गेल्या मार्चमध्ये, सोमवारी, दुपारी सव्वा वाजता, कॉलेजच्या गेटवर. आमच्याकडे कशालाच शिस्त नाही.

पिंपरी पेंढारजवळच्या या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. गेटसमोर चौथऱ्यावर हवाई दलाचं एक निवृत्त लढाऊ विमान होतं. विद्यार्थ्यांना स्फूर्ती मिळावी म्हणून. विद्यार्थ्यांना त्याच्याकडून फक्त सावली मिळायची.

माझा मावसभाऊ आदेश चाकणला एका कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी हा गावोगाव फिरून चौकात, बागेत, शाळेत मांडलेली असली विमानं शोधतो. फोटो काढतो, नंबर ओळखतो, वहीत लिहितो. एकसष्ट झाली होती. लग्न एकही झालं नव्हतं.

त्याच्या मते शेपटीवरच्या नंबरावर कधी विश्वास ठेवायचा नाही. रंगवणारा मनाला येईल ते लिहितो. खरा नंबर पुढच्या चाकावरच्या पोकळीत, एका धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो.

हे मात्र त्याचं खरं होतं. आमच्या विमानावर पप्पू पेंटरने संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीचा नंबर टाकला होता. अध्यक्षांना तो फार आवडला.

पण त्या दिवशी आदेश हौसेने आला नव्हता. त्याला माझ्या अंजनाकाकूने बोलावलं होतं.

अमृतकाका हवाई दलात फिटर होते. जाऊन दोन वर्षं झाली, काकू एकटीच राहते. विमान गावात आल्यापासून काका सांगायचे, हे माझ्या हाताखालचं विमान आहे, याचे बोल्ट मी आवळलेत. गावाने पंधरा वर्षं त्यांची टिंगल केली. ज्यांना सायकलची चेन बसवता येत नाही ती माणसं पारावर बसून त्यांना 'थापाड्या फिटर' म्हणायची.

मी पण म्हणायचो.

आणि मंगळवारी ते विमान भंगारात जाणार होतं. त्या जागी फायबरचा द्राक्षाचा घड बसणार होता. बारा फुटी. स्फूर्तीसाठीच.

काकूने काकांची जुनी डायरी आदेशच्या हातात दिली. त्यात काकांच्या विमानाचा नंबर होता.

"खरं निघू दे नायतर खोटं," ती म्हणाली. "पण मला कळू दे. चाळीस वर्षं त्या माणसाचं ऐकलंय मी."

आम्ही पोचलो तेव्हा आत कॉलेजात पेपर चालू होता. बाहेर कोणी नाही. वॉचमन सावळाराम बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला गेला होता. घ्यायला नाही, बघायला.

आदेशने विमानाखाली चादर पसरून पाने मांडले. वाकून वर बघितलं. पट्टीवर एक झाकण होतं, त्याला चार गंजलेले बोल्ट. तासभर जाईल म्हणाला. मग "आलोच" म्हणाला. मी चाकाला पाठ टेकून मोबाईल बघत होतो; तो कुठे गेला की वर शिरला, बघितलं नाही.

थोड्या वेळाने डोक्यावर चुटकी वाजली...

टिच. टिच.

पोकळीतून हात आला होता. कोपरापर्यंत. ग्रीसने काळा.

मी एक पाना दिला. हात आत गेला. आणि मग...

"च्च."

पाना माझ्या पायावर पडला.

म्हटलं, कितीचा पाहिजे ते तोंडाने सांग ना. पुन्हा चुटकी. दुसरा दिला. तो पसंत पडला.

कट्... कट्... कट्.

सावकाश. एका लयीत. आदेशला हाताने काही काम येतं हे मला नवीन होतं.

हात खाली आला. माझ्या तळव्यावर बोल्ट ठेवला.

विमानाचा पत्रा असा तापला होता की त्यावर भाकरी भाजली असती. आणि ती बोटं...

माठासारखी गार.

म्हटलं, एसीत बसणारी माणसं.

चार बोल्ट झाले. मग झाकण आलं. मी ते चादरीवर ठेवलं आणि सहज समोर बघितलं.

आदेश रस्ता ओलांडत होता. दोन्ही हातांत उसाच्या रसाचे ग्लास.

मी परत वर बघितलं नाही.

तो आला, चादरीवरचं झाकण बघितलं आणि विचारलं, कसं काढलंस? मी म्हटलं, तू काढलंस. तो म्हणाला, मी वीस मिनिटं रसवंतीवर आहे, बर्फ संपला होता.

मग मी त्याला हात सांगितला. आजवर मी त्याच्याकडे जसं बघत आलो, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मोबाईलची बॅटरी लावून तो वाकला. म्हणाला, आत माणूस मावत नाही. फार तर मांजर. तेही रोड.

पट्टी मात्र लख्ख होती. नुकतीच पुसलेली.

त्याने नंबर वाचला. मी डायरी उघडली.

एकही आकडा जुळत नव्हता.

म्हणजे पारावरचे ते बिनकामाचे लोक बरोबर होते. याचा मला भुतापेक्षा जास्त राग आला.

परत जाताना गाडीवर आमचं ठरलं. जुळला म्हणून सांगायचं. उद्या विमान कापतील, तपासायला कोण जातंय.

काकू ओट्यावर लसूण सोलत होती. मी म्हटलं, काकू, नंबर जुळला, काका खरं बोलत होते.

तिने मान वर केली नाही.

"खोटं नको बोलू. आत्ताच येऊन सांगून गेले. म्हणले, ते इमान आपलं न्हाई, माझीच चूक झाली."

कोण, असं आदेशने विचारलं. चाकणला असल्याच लोकांना घेतात.

"आनि कोण? जित्तेपणी एक चूक कबूल केली न्हाई त्या माणसानं. मेल्यावर सुचलं." तिने पाकळी वाटीत टाकली. "हात काळे बरबटलेले. साबण मागून घेतला."

ती अजिबात घाबरली नव्हती. तिचा चेहरा चाळीस वर्षांची केस जिंकलेल्या बाईसारखा होता.

मी मोरीत डोकावलो. साबण ओला होता. त्यावर...

काळ्या बोटांचे ठसे.

मी हात न धुता घरी आलो.

मंगळवारी विमान कापून नेलं. आदेशने वहीत बासष्टावं लिहिलं आणि त्यानंतर एकाही विमानाखाली तो शिरलेला नाही. लांबून फोटो काढतो.

मी काकूकडे जातो, पण दारातूनच बोलतो. परवा तिने जेवायला थांब म्हणून फार आग्रह केला. मी उपवास सांगितला.

"थांब की. ते बी येतील एवढ्यात. आता रोज येत्यात, एकेक चूक कबूल करून जात्यात." ती समाधानाने म्हणाली. "लई बाकी हायेत अजून."

ती माझ्यासमोर उंबऱ्यात बसली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

आत मोरीत नळ सुरू झाला...